लॅपटॉपचं दावं

माझा पहिला लॅपटॉप मामंजींनी पारखून घेतला. मामंजी म्हणजे माझे सासरे. तोवर त्यांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता. पण तळेघरच्या आसपासच्या वाड्यांत कुणाला बैल घ्यायचा झाला की लोक त्यांना सोबत नेत, आणि आमच्या घरात असा समज होता की ज्याला बैल कळतो त्याला बाकीचं सगळं आपोआप कळतं. घरासाठी सून त्यांनीच पसंत केली होती. बघायला आले तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, अंगणात चार पावलं चालायला सांगितलं आणि माझ्या पायांकडे बघून मान हलवली. डोंगरात आल्यावर मला त्या मान हलवण्याचा अर्थ कळला.

मी आळ्याची. आमच्याकडे फाट्यावर जाऊन उभं राहिलं की वाटेल त्या दिशेची गाडी मिळते. तिथून मी भात आणि नाचणीच्या मुलखात आले, जिथे एसटी यायची असेल तेव्हा येते आणि तोवर माणसं अर्ध्या वाटेवर पोचलेली असतात. लग्नाआधी मी एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. पुस्तकांची पानं लावायची, मुद्रितं तपासायची, शीर्षकं ठळक करायची. लग्नानंतर ते सुटलं. पुढे काही वर्षांनी पुण्याच्या एका प्रकाशकांचा फोन आला. जुन्या छापखान्याच्या मालकांनी माझं नाव सुचवलं होतं. घरबसल्या काम मिळेल, पण लॅपटॉप स्वतःचा हवा, म्हणाले. आधी नमुन्याची पानं लावून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. जमलं तर काम कायमचं, नाही जमलं तर दुसरी एक बाई तयार आहे. ती दुसरी बाई मला न बघताच आवडेनाशी झाली.

घरात पैसा नव्हता असं नाही. पण आलेला प्रत्येक पैसा कुठे जाऊन बसायचं हे आधीच ठरवून यायचा. नवरा चाकणच्या कारखान्यात, आठवड्याने घरी येणारा. त्याच्या पगाराची पुढच्या पावसाळ्याआधी घरावर घालायचे पत्रे वाट बघत होते. उरली माझी कालवड. ती मला माहेरून मिळालेली, म्हणजे या घरात माझी म्हणावी अशी तीच. आमच्याकडच्या काटक गाईंमध्ये ती गोरीगोमटी दिसायची आणि त्याचा तिला गर्वही होता. शेजारच्या वाडीतल्या एकाला ती हवी होती. बुधवारी तो घ्यायला आला.

येताना तो नवं कोरं दावं खांद्यावर टाकून आला होता. आमच्याकडे रीतच आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकायचं नाही, ते आपल्या घरीच ठेवायचं. दावं गेलं तर दावणीची बरकत गेली असं मानतात. घेणाराही विकणाऱ्याचं दावं मागत नाही, आपलं आपण आणतो. मामंजींनी कालवडीच्या गळ्यातलं जुनं दावं सोडलं, झटकलं आणि पडवीतल्या खुंटीला अडकवलं. कालवड एकदा मागे वळून बघेल असं मला वाटत होतं. ती समोरच्या गवताकडे बघत निघून गेली. मी रडले.

"रडू नगं," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई. "लॅपटॉप येनार हाय न्हवं."

जणू तो सकाळ-संध्याकाळ दूधही देणार होता.

गुरुवारी मी आणि मामंजी जुन्नरला निघालो. नवा लॅपटॉप आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून कुणीतरी वापरून सोडलेला, दुकानदाराने दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला घ्यायचा असं ठरलं होतं. मी मोबाइलवर त्याबद्दलचे व्हिडिओ बघून पक्की तयारी केली होती. रॅम किती, डिस्क कुठली, बॅटरी किती दमलेली, बिजागऱ्या सैल आहेत का, सगळं मला पाठ होतं. मामंजींनी काहीच तयारी केली नव्हती. कालवडीचे पैसे मात्र त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात होते, कारण बाजारात पैसे पुरुषमाणसाकडे असावेत यावर घरात कुणी चर्चा केली नव्हती. मीही केली नाही, कारण मला लॅपटॉप हवा होता.

दुकान जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानाशेजारी. दुकानदार तिशीतला, कोरलेल्या दाढीचा. त्याने आमच्यासमोर तीन लॅपटॉप मांडले आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला. मामंजींनी त्याला मध्येच थांबवलं.

"दातात कितीची हायेत ही?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. वय विचारतायत, असं मी सांगितलं.

"बाबा, हा चार-पाच वर्षांचा, पण मशीन एकदम कडक. मोठ्या कंपनीतून आलेला माल आहे."

"मंग कंपनीनं का काढला?"

"त्यांचं ठरलेलं असतं बाबा. ठराविक वर्षं झाली की सगळे बदलतात."

"काय तरी खोड असल्याबिगर कुनी काढीत न्हाई," मामंजी म्हणाले आणि त्यांनी मधला लॅपटॉप उचलून उलटा केला. पोटावरून हात फिरवला. कानाशी धरून ऐकला. मग उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि तिसऱ्यांदा मिटताना त्यांचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला. "हितं लचकलाय."

बिजागरीपाशी केसाएवढी चीर होती. मला दिसली नव्हती. दुकानदारालाही दिसली नव्हती, किंवा दिसून विसरली होती. मला मामंजींचा अभिमान वाटला, हे मी मोकळेपणाने सांगते. पुढच्या काही तासांत तो अभिमान मला पुरवून पुरवून वापरावा लागला.

मग तो बाजूला ठेवून शेजारच्या लॅपटॉपचा सौदा सुरू झाला. मामंजींनी खांद्यावरचा टॉवेल काढून दुकानदाराच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात असाच भाव ठरतो. बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. इथे आजूबाजूला मी एकटीच होते, आणि पैसे माझ्याच कालवडीचे होते. दुकानदार बिचारा हात तसाच धरून उभा राहिला. त्याला बोटांचं काही कळत नव्हतं, पण वडीलधाऱ्या माणसाचा हात सोडवून घेणं त्याला बरं वाटेना. शेवटी त्याने तोंडाने एक आकडा सांगितला. मामंजींनी त्याचं बोट दाबलं. त्याने आकडा खाली आणला. असं थोडा वेळ चाललं आणि सौदा जमला.

मी लॅपटॉप चालू करून मराठी टंकून पाहिलं. अक्षरं नीट उमटत होती. काळी टेप गुंडाळलेली एक वायर त्याला जोडलेली होती आणि तिचं दुसरं टोक काउंटरमागे गेलं होतं. बॅटरी दोन-अडीच तास आरामात चालेल, असं दुकानदार म्हणाला. तेवढ्यात आमच्या गाडीची वेळ झाली. त्या गाडीला जागा धरली नाही तर घाटभर उभं राहावं लागतं. पैसे द्यायचं आणि लॅपटॉप बांधून घ्यायचं काम मामंजींवर सोपवून मी स्टँडकडे पळाले, खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि त्यांची वाट बघत बसले.

ते आले ते खुशीत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"पेढे कशाला, मामंजी?"

"आनखी कमी करून घेतलं. त्याच्यात आलं." कसं कमी करून घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. खिडकीची जागा होती, वारा येत होता, मांडीवर लॅपटॉप होता. त्या प्रवासात मी जितकी सुखी होते तितकी पुढे बरेच दिवस नव्हते.

घरी पोचलो तर आत्याबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभ्या. नवं जनावर आणलं की तुकडा ओवाळतात आणि त्याच्या पायावर पाणी घालतात. तुकडा ओवाळू दिला. पाणी मी माझ्या पायावर घालून घेतलं. पेढे वाटले गेले. शेजारपाजारच्या बाया येऊन बघून गेल्या आणि रंग काळा असल्याबद्दल दोघींनी नापसंती दाखवली. मग मी चार्जिंगला लावायला म्हणून पिशवीत हात घातला. पिशवी झटकली. उलटी केली. आत पावती होती आणि पेढ्यांचा दोरा होता.

"मामंजी, वायर कुठाय?"

"कंची?"

"याची. चार्जरची. दुकानात लावलेली होती ती."

"ती जुनी. टेप मारल्याली. त्येची त्येला दिली." ते शांतपणे तंबाखू मळत होते. "इकनाऱ्याचं दावं आपुन कधी आनतो का? मी म्हनलं, पावणं, तुमचं दावं तुमाला राहू द्या, त्येचे पैशे कमी करा. त्यो बी लई खूश झाला. घरात तीन चार्जर पडल्यात की."

घरात तीन चार्जर होते. तिन्ही मोबाइलचे होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासऱ्यावर ओरडता येत नाही. नवरा चाकणला, नाहीतर त्याच्यावर ओरडता आलं असतं. मी लॅपटॉपच्या कडेचं ते भोक त्यांना दाखवलं, मोबाइलची पिन त्याच्याजवळ धरली आणि ती आत जात नाही हे दाखवलं. उद्या संध्याकाळपर्यंत पानं पाठवली नाहीत तर काम दुसऱ्या बाईला जाईल, हेही सांगितलं. म्हणजे कालवडही गेली आणि कामही गेलं. माझा आवाज चढला नाही, पण फाटला. मामंजींची मळलेली तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

मग आमच्या वाडीने मदतीला धाव घेतली. ज्याच्या घरी जी वायर असेल ती आली. रेडिओची आली, फवारणीच्या पंपाची आली, एकाने दाढीच्या मशीनची आणली. प्रत्येक जण आपली पिन लावून बघे, ती बसत नसे, आणि तो माणूस लॅपटॉपकडे असा बघे की दोष त्याच्याच अंगात आहे. मी दुकानदाराला फोन लावला. पावतीवर नंबर होता.

"ताई, मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "पण बाबांपुढे काय बोलणार. उद्या शुक्रवार, दुकान बंद. शनिवारी या ना."

दोन-अडीच तास आरामात चालणारी बॅटरी त्या संध्याकाळी भाजीला फोडणी देऊन होईतो संपली. माझं नमुन्याचं पहिलं पान अर्ध्यावर राहिलं. अंधारलेल्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

जेवणं झाल्यावर मामंजींनी लॅपटॉप मागून घेतला. नाचणीची एक वाळकी काडी घेतली, त्या भोकात घालून बघितली, चाकूने तासली, पुन्हा घातली. बैलाच्या गळ्याला घुंगरमाळ करायची तर असंच दोऱ्याने माप नेतात. काडी बरोबर बसली तशी त्यांनी ती टोपीच्या घडीत ठेवली आणि झोपायला गेले.

सकाळी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते.

"गेलं पैल्या गाडीनं," आत्याबाई म्हणाल्या.

"दुकान बंद आहे, मी सांगितलं होतं त्यांना."

"त्येंला कळतंय का कायी," आत्याबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. पण त्यांनी त्या दिवशी दर थोड्या वेळाने वाटेकडे पाहिलं, ते मला दिसलं.

मला दिवसभर काही काम नव्हतं. म्हणून मी प्रकाशकांनी मोबाइलवर पाठवलेलं हस्तलिखित वाचत बसले. ते पुस्तक नाचणीवरच होतं. नाचणीची बिस्किटं, नाचणीचा केक, नाचणीचा पिझ्झा. लेखिका पुण्याची होती आणि तिने प्रस्तावनेत लिहिलं होतं की हे धान्य आता विस्मृतीत गेलं आहे. मी ते नाचणीची भाकरी खात वाचलं. तिची मुळीच चूक नव्हती, पण त्या दिवशी माझा राग बसायला कुठेतरी जागा शोधत होता, तो तिथे बसला. दुपार झाली. दुपारची गाडी आली नाही. माझी आशा मी स्वतःच हळूहळू आवरून ठेवली.

उन्हं कलायला लागली तेव्हा मामंजी चढण चढून येताना दिसले. गाडी घाटात बंद पडली होती, म्हणून उरलेली वाट चालत आले होते. टोपी हातात, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी पिशवीतून तीच टेप मारलेली वायर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"दुकान बंद होतं ना?" मी विचारलं.

"दुकान बंद आसंल. मानूस कुटं बंद आसतो? इचारत इचारत घर गाठलं त्येचं. अंगूळ करीत व्हता. बसलो पायरीवर."

"आणि विकणाऱ्याचं दावं घरात चालतं?"

माझा टोमणा त्यांना कळला. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सावकाश प्याले.

"येगळे पैशे दिऊन इकत घेतलं. इकत घेतलं म्हंजी आपलं झालं."

किती पैसे दिले ते पुढे कधीतरी दुकानदाराकडूनच कळलं. आदल्या दिवशी कमी करून घेतले होते त्याहून जास्त. पेढे वेगळे.

मी वायर लावली. हिरवा दिवा लागला. त्या दिव्याने मला जेवढा आनंद दिला तेवढा पुढे कुठल्याच दिव्याने दिला नाही. मी मान वर न करता पानं लावली. आत्याबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. पाठवायला इंटरनेट हवं, त्याची रेंज आमच्याकडे फक्त शाळेमागच्या कातळावर मिळते. बॅटरीत जेवढा जीव आला होता तेवढ्यावर मी तिकडे धावले. मामंजी दमलेले असून मागोमाग आले आणि कातळाच्या कडेला उभे राहिले. फाइल गेली तेव्हा दिवस मावळत होता. प्रकाशकांचं उत्तर एका शब्दाचं होतं, "मिळाली." दोन दिवसांनी दुसरं पुस्तक आलं आणि त्यानंतर येतच राहिली.

मामंजींनी झाल्या गोष्टीबद्दल कधी चूक कबूल केली नाही. मी तशी वाटही पाहिली नाही, असं मी स्वतःला सांगते. वाडीत त्यांनी ही गोष्ट सांगितली ती काडीच्या मापाची. वायर दुकानात कशी राहिली हा भाग त्यांच्या सांगण्यात हळूहळू बारीक होत गेला, आणि काही वर्षांनी तर ती दुकानदारच द्यायला विसरला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि भांडी जरा जास्त वाजवायचे.

तो लॅपटॉप खूप चालला. त्याच्यावर मी किती पानं लावली याला गणती नाही. उरलेले पत्रे त्याच्याच कमाईतून झाले. गेल्या वर्षी मला बरा लॅपटॉप घेता आला, तेव्हा हा विकायचा ठरला. पलीकडच्या वाडीतल्या एका मुलीला नर्सिंगच्या कोर्ससाठी मंचरला जायचं होतं आणि तिथे लॅपटॉप लागणार होता. तिला घेऊन तिचे वडील तो न्यायला आले ती आदली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी मुलगी निघणार होती.

मामंजींनी सकाळीच मला बजावून त्याची वायर काढून ठेवली होती. ती पडवीतल्या खुंटीवर, कालवडीच्या दाव्याशेजारी लटकत होती. ते हसू येण्यासारखं होतं. मुलीसाठी मी घोडेगावातून नवा चार्जर मागवला होता, तो यायला अजून चार दिवस होते. तसं मी तिच्या वडिलांना सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"नगं ताई. रीत म्हाईत हाय आमाला." आणि त्यांनी पिशवीतून कोरा करकरीत चार्जर काढला. आपलं दावं आपण आणलं होतं त्यांनी.

पिन गोल होती. आमच्या लॅपटॉपची चपटी. ते पिन फिरवून फिरवून बसवत राहिले. मुलगी बापाच्या हाताकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मी चहा घेऊन दारात आले होते, तिथेच थांबले.

मामंजींचे गुडघे आता कामातून गेलेत. उठायचं झालं की ते कुणाला तरी हाक मारतात. त्या वेळी त्यांनी कुणाला हाक मारली नाही. भिंतीला धरून उठले, खुंटीपर्यंत गेले, टेप मारलेली वायर काढली आणि त्या माणसाच्या पुढ्यात ठेवली.

"घिऊन जा."

"नगं बाबा, तुमच्या दावनीचं हाय."

"येक रुपाया दे. इकत घेतलं म्हंजी तुझं." तो माणूस तरीही हात पुढे करीना. मामंजी खाली बसले, गुडघा चोळला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्या बी असंच ठिवून आल्तो येकदा. माझी चूक. आमच्या ह्या पोरीचं काम बुडालं असतं."

त्या माणसाने रुपया दिला. मामंजींनी तो बंडीच्या आतल्या खिशात टाकला. मी ट्रे धरून तशीच उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"च्या निवतोय," ते म्हणाले.